लागेल तेवढेच

आईला न्यूमोनिया आधी दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा मुलाच्या घरात. त्या घरात तिच्याखेरीज दोघे राहत; त्यांना त्या काळात साधा खोकलाही झाला नाही. मधले काही महिने ती मुलीच्या घरी होती. तिथे जावई, दोन नातवंडे आणि खुद्द मुलगी आळीपाळीने तापाने पडली आणि आईच्याच खोलीत बसून खोकत राहिली. आईला तिथे काहीही झाले नाही.

मुलगा कापड रंगवण्याच्या कारखान्यात ऊर्जा तपासनीस होता. उष्णता कुठून निसटते, पाणी कुठे फुकट वाहते, दिवे कोणासाठी जळतात, हे शोधून त्या वाटा बुजवणे हे त्याचे काम. त्याच्या खाती एक मोठी कामगिरी जमा होती. रंगाच्या हौदात साठ अंशांचे पाणी लागे. पण कामगार ते नव्वदपर्यंत तापवत आणि मग त्यात गार पाणी सोडून साठवर आणत. असे का, हे त्याने विचारले तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. आधीपासून तसेच चालत आले होते, एवढेच. त्याने प्रत्येक हौदावर पाटी लावली, ‘लागेल तेवढेच तापवा.’ कारखान्याचे इंधन बरेच वाचले, त्याला बढती मिळाली, आणि कामगारांनी त्याचे नाव ‘मीटर’ ठेवले. ते नाव थोरल्या बहिणीच्या कानावर गेले आणि तिने ते तत्परतेने घरात आणले.

घरातही त्याचाच कायदा होता. खोलीतून बाहेर पडणाऱ्याने दिवा मालवायचा. भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना, कपडे धुण्याच्या यंत्रातले शेवटचे पाणी फरशीला. आंघोळ बादलीने, आणि बादली एकच. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात काम करी. लग्नानंतर तिने हे सारे हसत स्वीकारले होते आणि आता ते अंगवळणी पडले होते. आमच्याकडे पाहुण्याला आधी नळ कसा बंद करायचा ते दाखवतात आणि मग खुर्ची देतात, असे ती दुकानात सांगत असे. त्यात तक्रार नव्हती. या घरात काही वाया जात नाही, याचा तिलाही थोडा अभिमान होता.

वडील गेल्यावर आई त्यांच्याकडे राहायला आली. तिचे सारे आयुष्य लाकडाच्या वखारीच्या कचेरीत गेले होते, आणि त्या कचेरीची एकमेव खिडकी करवतीच्या बाजूला उघडत असे. छातीला नळी लावणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ती सांगे, की जरा नीट ऐका, आत एक स्टूल होईल एवढा भुसा आहे. तिचा उजवा खांदा आखडला होता; पाण्याचा मग डोक्यापर्यंत नेता येत नसे. तिच्यासाठी मुलाने नियमाला अपवाद केला आणि न्हाणीघरात बसायला स्टूल आणि हातात धरायचा शॉवर बसवला. साध्या शॉवरला बादलीच्या दुप्पट पाणी लागते, म्हणून त्याने अतिशय बारीक तुषारांचा शॉवर शोधून आणला. तो एवढ्याशा पाण्यात सगळे अंग भिजवी. पहिल्याच दिवशी बाहेर येऊन आई म्हणाली, की ही काही आंघोळ नव्हे, कोणीतरी अंगावर शिंकतंय. मग मात्र तिला ते आवडू लागले. दार लावून ती त्या कोमट धुक्यात बराच वेळ बसून राही, आणि पाणी इतके थोडे जात असल्यामुळे तिला कोणी घाई करत नसे.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी मुलाने घरातल्या उरल्यासुरल्या गळत्या शोधायला घेतल्या. खिडक्यांच्या फटींत रबराच्या पट्ट्या बसवल्या. फ्रिजच्या दाराचे रबर बदलले. पाण्याच्या हीटरची टाकी आधीच्या मालकाच्या भरल्या घराला पुरेल एवढी मोठी होती आणि दिवसरात्र पाणी उगाच कढत ठेवत होती. तिचा काटा त्याने खाली आणला. स्वयंपाकघराकडे जाणारी गरम पाण्याची नळी बंदच करून टाकली. जिन्यातला दिवा माणूस आला की लागेल आणि गेला की विझेल अशी सोय केली. ती सोय आईच्या मंद चालीला पुरी पडत नसे, आणि जिन्याच्या मध्यावर काळोख झाला की ती वर पाहून म्हणे, तुझ्या बापाने मला कधी अंधारात ठेवलं नाही, तू ठेवलंस.

पहिला न्यूमोनिया त्यानंतर झाला. आईला आधी ग्लानी आली, मग ताप, मग श्वास कमी पडू लागला. इस्पितळात औषधे लागू पडली आणि ती उठून बसली. बहिणीचे मत लगेच तयार होते, की या घरात थंडी आहे. मुलाने वाद घातला नाही. त्याने आईच्या खोलीत तापमापक लावला आणि घरी परत आलेल्या आईच्या उशाशी रोजचा आकडा पाहिला. खोली उबदार होती. थंडीचा मुद्दा त्याने निकालात काढला. डॉक्टरांना वेगळा संशय होता. उतारवयात घास कधीकधी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि तिथे कुजतो. आईला कसे बसवून जेवू घालता, असे त्यांनी विचारले. उत्तर बायकोला द्यावे लागले, कारण ताट तीच नेत असे. कधीकधी आई उशीला टेकून जेवतात, हे तिने प्रामाणिकपणे सांगितले. त्या क्षणापासून आजाराचे कारण ती झाली. तोंडावर कोणी काही म्हणाले नाही, पण बहीण निरोप घेताना तिला म्हणाली, “वहिनी, आता जरा बसवून भरवत जा हो,” आणि त्या ‘आता’मध्ये सगळे येऊन गेले.

उन्हाळ्यात आई मुलीकडे राहायला गेली. मुलीच्या घरात नळ गळत होता, भर दिवसा तिन्ही खोल्यांत दिवे होते, आणि न्हाणीघरातले पाणी इतके कढत, की मुलगा भेटायला गेला तेव्हा हात धुताना त्याने हात झटकन मागे घेतला. पाय धुतानाही तो भाजला, तेव्हा जावई म्हणाले, की आमच्याकडे चहाचं आधण नळातूनच घेतो. मुलाने जाता जाता दोन दिवे मालवले. बहिणीने ते त्याच्यादेखत पुन्हा लावले.

हिवाळा लागताच आई परत आली. नातवंडांचा दंगा तिला सोसेना. पंधरवड्याच्या आत तिला पुन्हा ग्लानी आली. या वेळी श्वास लवकर कमी पडला आणि ती अतिदक्षता विभागात राहिली. ती वाचली. बहिणीने तिला इस्पितळातून परस्पर स्वतःच्या घरी नेले. भावाला विचारले नाही.

काही आठवड्यांनी तो तिथे गेला. आई आतल्या खोलीत झोपली होती. बहीण स्वयंपाकघरात उभी होती आणि तिने त्याला बस म्हटले नाही.

“तुझ्या घरात काहीतरी आहे, मीटर,” ती म्हणाली.

“काहीतरी म्हणजे काय? वजन किती त्याचं? रंग कोणता?”

“ते तू शोध. तुझा धंदाच तो आहे. सापडेपर्यंत आई इथे राहील.”

“ताई, दोनदा घडलं म्हणजे नियम होत नाही. नाणं दोनदा उडवलं आणि दोन्ही वेळा छापा पडला, तर ते नाणं खोटं म्हणशील का?”

“नाणं नाही ते. आई आहे.”

मग बहीण म्हणाली, की माणसाला दिव्यावाचून, पाण्यावाचून असं हातचं राखून राखून जगवलं की ते खंगतंच.

“काटकसरीने कोणाला न्यूमोनिया होत नाही,” तो म्हणाला.

त्याचे नाण्याविषयीचे गणित बरोबर होते. दोन घटनांवरून काही सिद्ध होत नाही. मात्र काही सिद्ध झालेले नाही, याचा अर्थ काही घडत नाही असा होत नाही; आणि हे त्यालाही कळत होते, म्हणूनच तो घरी जाऊन कामाला लागला. त्याने सुट्टी घेतली आणि घर कारखान्यासारखे तपासले. आईच्या खोलीतले कपाट ओढून मागची भिंत पाहिली. कोपऱ्यात ओलीचा डाग होता, तो खरवडून भिंत रंगवून घेतली. खिडकीबाहेरच्या कठड्यावर कबुतरांची घाण होती. ती तोंडावर फडके बांधून साफ केली आणि तिथे जाळी बसवली. गादी, उशा, पडदे बदलले. बायकोने भरवण्याची पद्धत डॉक्टरांकडून शिकून घेतली. एक ताठ पाठीची खुर्ची आणली. आणि पाणीही तपासले. धुतलेल्या बाटलीत स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी भरून तो ते स्वतः प्रयोगशाळेत घेऊन गेला. पाणी पिण्यास योग्य असल्याचा दाखला मिळाला.

तो दाखला त्याने फ्रिजवर लावला. एवढे झाल्यावर घरात काही उरले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. निष्कर्ष तपासण्याचा मार्ग एकच होता, आणि तो त्याने स्वतःलाही तशा शब्दांत सांगितला नाही. त्याने स्वतःला सांगितले, की आईची खोली इथे आहे.

आईला परत पाठवायला बहिणीने नकार दिला. दोघांचे फोनवर तीनचारदा वाजले, आणि शेवटी दोघेही आईच्या देखत, ती तिथे नसल्यासारखे, तिला कुठे ठेवायचे यावर बोलू लागले. आईने आधी ऐकून घेतले.

“मी काय पार्सल आहे?” ती म्हणाली. “पत्ता तरी मला विचारा.”

मग तिने जाणार असल्याचे सांगितले. बहिणीने रात्री कपडे भरताना तिला पुन्हा एकदा अडवले. आईने तिच्या हातातली साडी काढून घेतली आणि स्वतः घडी घातली.

“मी गेले नाही तर तो घर उकरत बसेल आयुष्यभर,” ती म्हणाली. “त्याचं मी बघून घेईन. पण सुनेचं काय? घास अडकवून सासूला मारायला निघाली होती, असं तुम्ही सगळ्यांनी मनात धरलंय. बोलत नाही एवढंच. मी तिथे धडधाकट राहिले, तरच तिच्यावरचा तो डाग जाईल. तू घालवणार आहेस का?”

बहिणीने पुढची साडी तिच्या हातात दिली. 

आई आली त्या दिवशी घर उजळलेले होते. तिच्यासाठी जिन्यातला दिवा कायम चालू ठेवला होता, आणि ही सवलत किती मोठी आहे हे ओळखून ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, की मी आता मरायला मोकळी. सून रागावली. दुसऱ्या दिवशी आईने सावकाश आंघोळ केली, ताठ खुर्चीत बसून जेवली, आणि सुनेला म्हणाली, की बघ, घास सरळ खाली गेला, कोणाला सांगायचं असेल तर सांग. पहिला आठवडा बरा गेला. मुलगा रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी तिच्या खोलीच्या दारात थांबून तिचा श्वास ऐकत असे आणि मग जिना उतरे.

दुसऱ्या आठवड्यात तिला ग्लानी आली. तिने जेवण नको म्हटले आणि सुनेला ओळखताना नाव चुकवले. रुग्णवाहिकेत ती काही बोलत होती. वखारीतल्या कोणाशी तरी, करवत थांबवा म्हणून. या वेळी इस्पितळात औषधांचा उपयोग व्हायच्या आत तिचे मूत्रपिंड थांबले. तिसऱ्या दिवशी ती गेली. बहीण पलंगाच्या एका बाजूला होती आणि भाऊ दुसऱ्या. दोघे एकमेकांकडे न पाहता तिच्या हाताकडे पाहत होते. मागे भिंतीशी उभी असलेली सून रडली नाही. तिने फक्त बहिणीला विचारले, “ताई, मी बसवूनच भरवत होते, हे तुम्हाला खरं वाटतं ना?” बहिणीने मान हलवली, पण ती हो म्हणून की नुसतीच, हे कळले नाही.

तिसऱ्या वेळचा डॉक्टर नवा होता. एकच रुग्ण त्याच आजाराने पुन्हा पुन्हा येतो आणि दरम्यान ठणठणीत असतो, हे त्याला खटकले आणि त्याने दाखल करतानाच लघवीची एक तपासणी मागवली होती, जी आधीच्यांनी मागवली नव्हती. अहवाल आई गेल्यानंतर आला. त्यात न्यूमोनियाचे जंतू ओळखले गेले होते. ते एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाहीत आणि जेवणातूनही येत नाहीत, एवढे डॉक्टरने फोनवर सांगितले; बाकीचे विचारायला आरोग्य खात्याची निरीक्षिका घरी येईल.

ती आली तेव्हा बहीणही तिथेच होती. निरीक्षिकेने दारात चपला काढल्या, पिशवीतून निर्जंतुक बाटल्या आणि तापमापक काढला, आणि आई आंघोळ कुठे करत होत्या, असे विचारले. मुलाने फ्रिजवरचा दाखला दाखवला. तिने तो वाचला. हे स्वयंपाकघरातलं गार पाणी आहे, ती म्हणाली, मला गरम पाहिजे.

तो तिला न्हाणीघरात घेऊन गेला आणि सवयीने समजावून सांगू लागला. कारखान्यात पाहुणे आले की तो असेच समजावून सांगत असे. हा शॉवर निम्म्याहून कमी पाणी घेतो, कारण थेंब अगदी बारीक होतात, जवळजवळ हवेत तरंगतात. आम्ही दोघं बादली वापरतो, हा फक्त आईसाठी. ती नसताना हा बंदच असे. टाकी मोठी आहे, पण तिची वीज मी बरीच कमी केली आहे. पाणी आधी साठ अंशांवर असायचं आणि मग गार मिसळावं लागायचं, म्हणून मी काटा खाली आणून…

इथे तो थांबला. निरीक्षिकेने वाक्य पुरे होण्याची वाट पाहिली, मग नळ सोडून तापमापक धारेत धरला. तिने आकडा वाचून दाखवला नाही. त्याने तो तिच्या खांद्यावरून वाचला. बेचाळीस.

तिने टाकीतले, शॉवरच्या नळीतले आणि तुषारांच्या जाळीतले नमुने घेतले आणि अहवाल येईपर्यंत शॉवर वापरू नका म्हणून सांगितले. तो आता कोण वापरणार, असे सून म्हणाली. त्या आठवड्यात मुलाने पाठ्यपुस्तके आणि आरोग्य खात्याच्या सूचना वाचून काढल्या. अहवाल आला तेव्हा त्यात त्याला माहीत नसलेले काहीच नव्हते. तेच जंतू, तिन्ही ठिकाणी, आणि नळीत सर्वांत जास्त.

त्याने बहिणीला बोलावून घेतले आणि बायकोलाही समोर बसायला सांगितले. अहवाल टेबलावर होता, पण तो त्याने उघडला नाही.

“सांग,” बहीण म्हणाली. या वेळी तिने त्याला मीटर म्हटले नाही.

“घास अडकला नव्हता. कधीच नव्हता,” तो म्हणाला. बायकोकडे पाहून त्याने ते पुन्हा एकदा सांगितले. मग तो बहिणीकडे वळला आणि कारखान्यातला अहवाल वाचावा तसे, एकही शब्द न गाळता, सांगू लागला.

“हे जंतू जवळपास सगळ्याच पाण्यात थोडेफार असतात. साठ अंशांच्या टाकीत ते मरतात. तुझ्याकडे मेले. चाळिसाच्या आसपास ते मरत नाहीत, वाढतात. टाकी मी बेचाळीसवर आणली, कारण अंगाला त्यापेक्षा जास्त लागत नाही. स्वयंपाकघराकडची नळी मी बंद केली, त्यामुळे तिच्यात पाणी साचून राहिलं. आई तुझ्याकडे असताना शॉवरच्या नळीतही महिनोन्‌महिने तेच पाणी साचून होतं. परत आल्यावर तिने ते अंगावर घेतलं. दोन्ही वेळा. हे पाणी प्यायल्याने सहसा काही होत नाही. ते श्वासातून आत जावं लागतं. आम्ही दोघं बादलीतून आंघोळ करायचो, बादलीचे तुषार उडत नाहीत. तिच्यासाठी मी बारीक तुषारांचा शॉवर आणला होता, पाणी वाचावं म्हणून. दार लावून ती त्यात बसायची. तिची छाती आधीच कमजोर होती. मी पाणी तपासलं, पण जे पितो ते तपासलं, जे ती श्वासात घेत होती ते नाही. आजाराचं कारण हीटरचा काटा आणि तो शॉवर. दोन्ही मी बसवले होते.”